घंटीवरच्या परीक्षेनं डॉक्टर घडतो का?

मूळ मुद्दा – वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र (यवतमाळ जिल्हा)

आमच्याकडे इंटर्न येतात. पोरं हुशार आहेत, कष्टाळूही. मागच्या पावसाळ्यात सकाळी एक बाई आली. "रातीपासून पोटात लय दुखून राह्यलं, अन् डोये जड झाल्यावाणी वाट्टे." इंटर्नने पोट दाबून पाहिलं आणि अॅसिडिटीची गोळी लिहायला घेतली. रात्री कुठे झोपली होती, हे विचारलंच नाही. ती जमिनीवर झोपली होती. मण्यार चावली की बरेचदा खूण दिसत नाही, सूज येत नाही. पोटदुखी आणि खाली येणाऱ्या पापण्या यावरूनच ओळखावं लागतं. सापाच्या विषावरची लस सुरू करून तिला जिल्ह्याला पाठवलं, वाचली.

2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित (काय करता येतं यावर भर देणारा) अभ्यासक्रम आला आणि ऑस्कीचं, म्हणजे छोट्या छोट्या स्टेशनांवर घेतात त्या प्रात्यक्षिक परीक्षेचं, महत्त्व वाढलं. पाच मिनिटं झाली की घंटी, पुढचं स्टेशन. इथे नाडी, तिथे रक्तदाब, पलीकडे एक्स-रे. माणूस तुकड्यातुकड्यांनी तपासायचा. गावात पेशंट असा येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की फायनलला लाँग केसचे (एकच पेशंट पूर्ण तपासून परीक्षकापुढे मांडायचा) मार्क वाढवा, आणि केस वऱ्हाडी, झाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या माणसाचीच द्या.

प्रतिसाद – सहायक प्राध्यापक, मेडिसिन

सर, तुमचा इंटर्न लाँग केस देऊनच पास झाला आहे. ती परीक्षा अजून बंद झालेली नाही. मग चूक कुणाच्या माथी मारायची?

लाँग केसमध्ये काय होतं ते मी दरवर्षी पाहतो. एकाच्या नशिबी सगळं नीट सांगणारा पेशंट, दुसऱ्याच्या नशिबी ऐकू न येणारे आजोबा. अर्धे पेशंट महिनाभर वॉर्डात असतात, तेच हळूच सांगतात, "डाक्टर म्हनते वाल (हृदयाची झडप) खराब हाये." आणि विद्यार्थी हिस्ट्री घेत असताना, म्हणजे पेशंटला आजाराबद्दल विचारत असताना, परीक्षक तिथे नसतोच! तो नंतर येऊन फक्त प्रेझेंटेशन ऐकतो. हा नशिबाचा भाग काढण्यासाठीच रोनाल्ड हार्डेन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीला ऑस्की मांडली. सगळ्यांना तोच प्रश्न, तीच चेकलिस्ट.

साप चावलेला माणूस तुम्ही परीक्षेला लाँग केस म्हणून आणणार कसा? मी स्टेशन लावतो: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरपं करून गोठलं का ते पाहायचं. नळी प्लास्टिकची घेतली किंवा साबणाने धुतलेली घेतली तर मार्क नाहीत. लाँग केसने हे कधी तपासलं?

मूळ लेखकाचं उत्तर

तुमचं स्टेशन घोणस आणि फुरश्यासाठी उत्तम आहे, त्यांच्या विषानं रक्त गोठत नाही. पण मण्यारीच्या दंशात रक्त नीट गोठतं. तुमच्याकडे पैकीच्या पैकी मार्क घेतलेला पोरगा त्या बाईची नळी बघून म्हणेल, "गोठलं, घरी जा." दुपारपर्यंत तिचा श्वास थांबेल. चाचणी कधी पुरेशी नसते, हे कोणत्या स्टेशनवर विचारता?

परीक्षक हिस्ट्रीला नसतो, हे मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. परीक्षकाने तिथे बसायला हवं.

प्रतिसाद – इंटर्न

दोन्ही सरांना एक सांगतो, राग मानू नका. लॉगबुकवरच्या (काय काय शिकलो त्या नोंदवहीवरच्या) शिक्षकांच्या सह्या आम्ही पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी रांग लावून घेतल्या. तिसऱ्या वर्षापासून लक्ष नीट-पीजीवर (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा), तिथे सगळे पर्यायी प्रश्न. साडेचार वर्षांत मी पेशंटशी बोलताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी उभं राहून पाहिलं, असं एकदाही झालं नाही. आतापर्यंत वाटायचं, माझ्याच नशिबी असेल. बॅचमध्ये विचारलं, सगळ्यांचं तेच.

प्रतिसाद – निवृत्त आरोग्य सेविका, चंद्रपूर जिल्हा

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात कित्येक वर्षांपासून पहिल्या वर्षाची मुलं गावात जाऊन राहतात, तसं सगळीकडे करा. सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) पोर दुखण्यानं कसं रडते, ते त्याच्या घरी बसल्यावर समजते. आता मेडिकलच्या मुलांनी गावातली कुटुंबं दत्तक घ्यायची कुटुंब दत्तक योजना आली, पण काही ठिकाणी मुलं बसमधून उतरतात, फॉर्म भरतात अन् जातात. मी स्वतः पाह्यलं.

प्रतिसाद – सहायक प्राध्यापक

ताई, गावात राहणं हे शिकवणं झालं, मोजमाप नाही. आणि प्रत्येकाची हिस्ट्री बसून ऐकायची तर 150 मुलं गुणिले अर्धा तास, म्हणजे 75 तास. माझ्या विभागात माणसं किती आहेत ते मला माहीत आहे.

मूळ लेखक

परीक्षेतच का? वर्षभरात पसरा. मिनी-सीईएक्स ही पद्धत त्यासाठीच आहे: विद्यार्थी पेशंट पाहत असताना पंधरा मिनिटं बाजूला उभं राहायचं, पाच मिनिटं काय चुकलं ते सांगायचं. ओपीडीत रोज दोन मुलं.

सहायक प्राध्यापक

रोज दोन जमेल. पुढच्या पोस्टिंगपासून करतो. पण त्याला मार्क देणार नाही. मार्क लावले की परत सह्यांची रांग लागेल.

इंटर्न

सर, मार्क नसतील तर पोरं त्या वेळात लायब्ररीत असतील. मीही गेलो असतो.