महागडं स्मार्टवॉच: दोन-तीन वर्षांनी मनगटावर आहे की कपाटात?

साधा फिटनेस बँड दोन वर्षं वापरला. गेल्या आठवड्यात त्याचा पट्टा तुटला आणि घरात लगेच ठराव पास झाला, की आता एक चांगलं घड्याळ घेऊन टाक. चांगलं म्हणजे ईसीजी, जीपीएस, कॉल, सगळं असलेलं. किंमत बघून मी हात आखडता घेतलाय. पहिल्या महिन्यातलं कौतुक नको, ते भरपूर वाचून झालंय. नव्याची नवलाई संपल्यावर काय उरलं ते सांगा.

*

कपाटात. चार्जर कुठे आहे तेही आठवत नाही.

*

मी धावतो. माझे पैसे वसूल झाले, पण ईसीजी-बिसीजीमुळे नाही; जीपीएस आणि बटणांमुळे. घामेजल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, हे दुकानात कळत नाही, चौदाव्या किलोमीटरला कळतं. बॅटरीचंही तेच. फोनची कामं करणारी बरीच घड्याळं दीड-दोन दिवसांत मान टाकतात, धावणाऱ्यांसाठीची आठवडाभर सहज जातात.

नाडीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं, रक्त तो शोषतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलत असला की गणित बिघडतं. चढावर माझा जीव वर आला होता तेव्हा घड्याळात ११० आणि छातीला बांधायच्या, ठोके मोजणाऱ्या पट्ट्यावर १६८! (हा पट्टा घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त असतो, ही गंमत वेगळीच.)

*

आमच्याकडे आईला घेतलं होतं, पडली तर कळावं म्हणून. पडली कधीच नाही. पण एके दिवशी 'ठोके अनियमित' असा इशारा आला. आम्ही दुर्लक्ष केलं. आठवड्याने पुन्हा आला. दवाखान्यात ईसीजी काढला तर एकदम नॉर्मल, आणि आई म्हणाली, "बघ, उगाच खर्च." मग डॉक्टरांनी घड्याळात साठवलेले आलेख मागितले, ते पाहून २४ तासांचा होल्टर लावला, म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. त्यात सापडलं: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणं. ते येतं-जातं, म्हणून दवाखान्यातल्या दहा सेकंदांत दिसलं नव्हतं. त्यात हृदयात गुठळी होऊन मेंदूपर्यंत जाऊ शकते. आता रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे.

तरी डॉक्टरांचं एक वाक्य मी सगळ्यांना ऐकवते. घड्याळाचा ईसीजी एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा; दवाखान्यातला बारा लीडचा. हार्ट अटॅक घड्याळाला कळत नाही. छातीत दुखलं तर मनगट बघत बसायचं नाही.

*

मी विकून टाकलं. उठल्या उठल्या झोपेचे गुण बघायची खोड लागली होती. मस्त ताजंतवानं वाटत असायचं आणि घड्याळ म्हणायचं ५८. की झालाच दिवस खराब. पुढे कळलं, की झोपेचे टप्पे खरे ओळखायचे तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजतात; मनगटावर फक्त हालचाल आणि नाडीवरून अंदाज. आता गुण नाहीत, झोप लागते.

*

मला एका कानाने ऐकू येत नाही. गजर, फोन, दाराची बेल, सगळं मनगटावर थरथरतं. आठ वर्षांत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पण खरं सांगायचं तर हे काम स्वस्त घड्याळही करतं.

*

माझं तिसऱ्या वर्षी दुपारपर्यंतच टिकायला लागलं. नवी बॅटरी टाकायची तर इतके पैसे सांगितले, की त्यात दुसरं साधं घड्याळ आलं असतं. आजोबांचं किल्लीचं घड्याळ अजून चालतंय, एवढंच म्हणतो.

*

थोडं शास्त्राचं. कॅलरीचा आकडा बघून वर दोन घास जास्त खाऊ नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांची ठीक निघाली, कॅलरीत मात्र सर्वांत अचूक यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं. आणि ते १०,००० पावलांचं लक्ष्य १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना निघालेलं आहे, वैद्यकशास्त्रातून नव्हे. सुई न टोचता साखर मोजणारं घड्याळ कोणी दाखवलं तर लांबच राहा. असं एकही यंत्र मान्यताप्राप्त नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये दिला होता.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आईबद्दल लिहिणाऱ्या ताई, एक विचारू? वर लिहिलं नाही, पण मला अधूनमधून धडधडतं. दोन-चार मिनिटं, मग आपोआप थांबतं. म्हणूनच ईसीजीवालं बघत होते.

*

अहो, मग हे आधी सांगायचं ना! घड्याळ घ्या किंवा नका घेऊ, पण आधी डॉक्टरांना दाखवा. कधी होतं, किती वेळ राहतं, तेव्हा काय करत होतात, हे एका कागदावर लिहून न्या. आईच्या वेळी आम्हाला पहिल्यांदा तेच विचारलं होतं.

*

धागाकर्ती: शुक्रवारची वेळ घेतली. कागदावर आत्ताच तीन नोंदी झाल्या. घड्याळाचं तोवर राहू दे.