मदत हवी आहे: जुनी शिक्षा असताना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा

2014 साली म्हापशाजवळ माझ्या स्कूटरची धडक बसून एक पादचारी बाई जखमी झाल्या. भादंवि कलम 279 (बेदरकारपणे गाडी चालवणे) आणि 337 (निष्काळजी कृतीने दुखापत करणे). 2016 मध्ये म्हापशाच्या कोर्टात मी गुन्हा कबूल केला, दीड हजार दंड त्याच दिवशी भरला. कैद नाही, दारूचा संबंध नाही, आधी-नंतर दुसरी एकही केस नाही.

आता जूनमध्ये टोरांटोला मुलीचा पदवीदान समारंभ आहे आणि मला काहीही करून जायचं आहे. पासपोर्ट भारतीयच, पोर्तुगीज नाही.

निकालाची प्रमाणित प्रत आणि दंडाची पावती हातात आहे. पणजीतल्या एका एजंटने गुन्ह्याच्या प्रश्नाला सरळ 'नाही' लिहा म्हणून सांगितलं. ते मी करणार नाही. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी येते, आणि मुळात खोटं लिहायचंच नाही.

माझं घोडं अडलंय ते इथे. एकच गुन्हा असेल आणि शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षं झाली असतील, तर कॅनडा काही गुन्ह्यांत माणसाला आपोआप सुधारलेला मानतं. पण गुन्हा त्यात बसतो का हे ठरवताना तिथल्या कायद्यात त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा किती, हे पाहतात. गाडी चालवण्यातल्या गुन्ह्यांच्या शिक्षा तिथे 18 डिसेंबर 2018 पासून वाढल्या. माझा अपघात त्याआधीचा, म्हणून जुनी शिक्षा धरतील की नवी, हेच कळत नाही.

279/337 ची नोंद असलेल्या कुणी अर्ज केलाय का? नुसतं स्पष्टीकरणाचं पत्र आणि निकाल जोडून भागलं, की पुनर्वसनाचा (म्हणजे आपण सुधारलो हे कॅनडाकडून मान्य करून घेण्याचा) वेगळा अर्ज करावा लागला?