'स्वयंचलित भूल' आणि 'पंपनियंत्रित भूल' यांत फरक काय?

मृणाल_अनुवाद: शस्त्रक्रियेआधी पेशंटला द्यायच्या माहितीपत्रकाचं मराठीकरण करतेय. शिरेतून भूल देण्याच्या दोन पद्धती त्यात आहेत. एकीला मी 'पंपनियंत्रित' म्हटलं, दुसरीला 'स्वयंचलित'. संपादक म्हणतात, पंप म्हणजे यंत्रच, मग पहिलीही स्वयंचलितच की! काय करू?

भूलवाला: संपादकांची शंका रास्त आहे, कारण थिएटरमध्ये प्रकार दोन नाहीत, तीन आहेत.

साधा सिरिंज पंप घ्या. पेशंट 60 किलोचा. प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं औषध, मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. जुना दहा-आठ-सहाचा हिशेब असा: सुरुवातीचा डोस दिला की किलोमागे ताशी 10 मिलिग्रॅम, दहा मिनिटांनी 8, आणखी दहा मिनिटांनी 6. म्हणजे पंपावर ताशी 60, मग 48, मग 36 मिलिलिटर. हे आकडे मी बदलतो. पंप नुसता दट्ट्या ढकलतो.

दुसरा टीसीआय, म्हणजे रक्तातली औषधाची पातळी ठरवून भूल देणं. 1996 मध्ये डिप्रीफ्यूझर ही त्यासाठीची पंपातली प्रणाली आली तेव्हापासूनचा. यात मी वेग सांगतच नाही. रक्तात मिलिलिटरला 3 मायक्रोग्रॅम औषध हवं, एवढं सांगायचं, वय-वजन भरायचं. वेग पंप ठरवतो आणि बदलत राहतो. पण ते गणित सरासरी माणसाचं. सुई शिरेतून निसटून औषध कातडीखाली जाऊ लागलं, हात सुजला, तरी स्क्रीनवर आपले 3 च!

तिसऱ्यात कपाळावर पट्टी लावतात. मेंदूच्या लहरींवरून बीआयएसचा, म्हणजे भूल किती खोल आहे ते सांगणारा आकडा येतो, 0 ते 100; जितका जास्त, तितका पेशंट जागा. शस्त्रक्रियेला 40 ते 60 मध्ये हवा. वर गेला की यंत्र आपणहून औषध वाढवतं, खाली आला की कमी करतं. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात डॉ. जी. डी. पुरी यांच्या चमूने असं यंत्र बनवलंय, क्लॅड्स नावाचं. त्याच्याशेजारीही भूलतज्ज्ञ बसलेला असतोच, हे माहितीपत्रकात जरूर लिहा. पेशंट पहिलं तेच विचारतात.

जोडाक्षर: मग 'पंपनियंत्रित' बादच. '-नियंत्रित'च्या आधी येतो तो नियंत्रण करणारा. 'रुग्णनियंत्रित वेदनाशमन'मध्ये वेदनाशामक सोडायचं बटण खरंच रुग्णाच्या हातात असतं. इथे पंप हुकमाचा ताबेदार. 'स्वयंचलित'ही सैलच शब्द आहे म्हणा. स्टेशनवरचा सरकता जिना स्वयंचलित, कोणी चढो न चढो. मॉलचा दरवाजाही स्वयंचलित, पण तो माणूस बघून उघडतो. तिसऱ्या प्रकाराला 'प्रतिसादनियंत्रित' म्हणा.

मृणाल_अनुवाद: मूळ इंग्रजी शब्द 'क्लोज्ड लूप', त्याला धरून 'बंद मंडल' सुचलं होतं…

भूलवाला: नको हो ताई! आमच्याकडे क्लोज्ड सर्किट म्हणजे श्वासाच्या नळ्यांची रचना. वाचणारा निवासी डॉक्टर भलतीकडेच जाईल.

जोडाक्षर: आणि 'भूल'च ठेवा. 'बधिरीकरण' विभागाच्या पाटीवर शोभतं, पण पेशंटला वाटेल नुसता पाय बधिर करणार आहेत.

मृणाल_अनुवाद: ठीक. 'पंपाने दिलेली भूल', 'पातळी ठरवून दिलेली भूल' आणि 'प्रतिसादनियंत्रित भूल'. तिसऱ्यापुढे एक ओळ: 'मेंदूच्या लहरी पाहून यंत्र औषध कमी-जास्त करतं, भूलतज्ज्ञ सतत हजर असतात.' संपादकांना आजच पाठवते.