शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीसाठी पाळणाघरात काय लिहून द्यावे?

प्रश्न : एक आई, लातूर

नमस्कार. माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मागच्या एकादशीला पाळणाघरात तिने शेजारच्या मुलाच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी दोन घास खाल्ली आणि थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, उलटी झाली. तिथल्या ताईंनी घाबरून तिला पाणी पाजले, थोपटून झोपवले आणि पाऊण तासाने मला फोन केला. मुलगी सुखरूप आहे, परंतु ती झोपलेली आठवली की आजही माझ्या पोटात खड्डा पडतो. ‘शेंगदाणे देऊ नका’ यापलीकडे आम्हीही काही सांगितले नव्हते. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनच्या, म्हणजे तीव्र ॲलर्जीत तातडीने द्यायच्या इंजेक्शनबद्दल सांगितले आहे. ते पाळणाघरात ठेवावे का, की सेट्रिझिनचे औषध पुरेल?

उत्तर : बालरुग्ण विभागातील परिचारिका, छत्रपती संभाजीनगर

ताई, सेट्रिझिनने खाज आणि गांधी कमी होतात, पण श्वास अडकू लागला किंवा रक्तदाब उतरू लागला तर त्याचा उपयोग नाही. तेव्हा ॲड्रेनलिनच लागते, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. १४ किलोच्या मुलीला ०.१४ मिलिग्रॅम लागेल आणि नेहमीच्या १ मिलिलिटरच्या कुपीत १ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या सातपट औषध असते. घाबरलेल्या बाईने ते सिरिंजमध्ये मोजून भरावे, ही अपेक्षा मला धोक्याची वाटते. मांडीला टेकवून दाबायचे तयार पेन आपल्याकडच्या दुकानांत सहजी मिळत नाही. म्हणून इंजेक्शन तिथे ठेवायचे की नाही आणि ते कोणी द्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ज्या ताई ते देणार असतील त्यांना डॉक्टरांसमोरच शिकवून घ्या. ते ठेवता येत नसेल, तर आवाज बसणे, धाप लागणे, वारंवार उलट्या होणे किंवा मूल मलूल पडणे यांपैकी काहीही दिसताच आधी १०८, मग आईला फोन. मुलीला उभे करू नये, चालवू नये. आडवे करून पाय उंचावर ठेवावेत, धाप असेल तर बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबा, कारण लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

उत्तर : पाळणाघर चालवणारी, नांदेड

आमच्याकडे औषध मूळ बाटलीत, मुलाचे नाव लिहून आणि चिठ्ठीसह आले तरच घेतो. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे असते तसेच २५० चेही. माप तेच, पण मात्रा दुपटीहून जास्त. त्यातून सकाळी घरी औषध पाजून मूल आणून सोडतात आणि ते सांगायचे राहून जाते. दोन मात्रांमध्ये किमान चार तास जायला हवेत, त्यामुळे ‘शेवटचे औषध किती वाजता?’ याचे उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही बाटली उघडत नाही आणि दिल्यावर वहीत वेळ लिहून दोघी सह्या करतो. आणखी एक, डब्यानंतर सगळ्याच मुलांचे हात साबणाने धुवायला सांगा. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

उत्तर : एक वडील, धाराशिव

ताई, कागदावर ‘कूट’ हा शब्द आवर्जून लिहा. आमच्या पाळणाघरातल्या मावशींच्या लेखी शेंगदाणा म्हणजे अख्खा दाणा. वांग्याच्या रश्शातला, काकडीच्या कोशिंबिरीतला कूट त्यांनी कधी त्यात धरलाच नव्हता. शेंगाची पोळी, चिक्की, येळवशीची (वेळ अमावास्येची) भज्जी हेही नावानिशी लिहा. सणाच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या डब्यात काय येईल, ते सांगता येत नाही.

पुन्हा : प्रश्नकर्ती आई, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. डबे भरवणाऱ्या मावशींना वाचता येत नाही, म्हणून काल कूट, चिक्की आणि शेंगाची पोळी यांचे फोटो मुलीच्या फोटोशेजारी चिकटवून तो तक्ता ताटल्यांच्या मांडणीवर लावला. इंजेक्शनविषयी डॉक्टरांनी सोमवारी पाळणाघराच्या ताईंना माझ्यासोबत बोलावले आहे.