मदत हवी आहे : केळीवरचा करपा मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी रावेरची, एमएस्सीला आहे. आमच्या ग्रँड नैन जातीच्या केळीवर करप्यासाठी (पानांवर डाग पडून ती वाळवणारा बुरशीचा रोग) निंबोळी अर्क कितपत चालतो, ते तपासतेय. पहिल्यांदा फवारलेली सगळी झाडं बांधाकडे होती, न फवारलेली नाल्याकडे. नाल्याकडे ओल जास्त, तिथे करपा तसाही वाढतो. मग फरक अर्काचा की ओलीचा, कळेचना. चार महिने वाया गेले, फार वाईट वाटलं. आता ओलीप्रमाणे बागेचे चार गट पाडून प्रत्येक गटात चिठ्ठ्या टाकून झाडं निवडणार आहे. काहींवर नुसतं पाणी फवारेन.

पण पानाचा किती टक्के भाग करपलाय हा माझा अंदाज सकाळी एक, संध्याकाळी दुसरा येतो. तो एकसारखा कसा ठेवायचा? नोंदवहीत रोज काय काय लिहावं? जळगाव-भुसावळकडे कुणी असे प्रयोग केले असतील तर सांगा, मी येऊन शिकेन.