मांडून काढलेला एकटेपणा

माणसाला ठरवून बसवून, प्रसंग रचून काढलेल्या पोर्ट्रेटमधला एकटेपणा खोटाच असतो, असं काहीजण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. कलाकार विवान सुंदरम यांची 'री-टेक ऑफ अमृता' ही २००१ मध्ये सुरू झालेली फोटोंची मालिका बघा. चित्रकार अमृता शेरगिल त्यांची मावशी. ती १९४१ मध्ये गेली, अवघ्या २८ व्या वर्षी. विवान यांचा जन्म १९४३ चा. म्हणजे जिला कधी पाहिलंच नाही, तिच्याशी जवळीक जुळवायची होती. हाताशी होते आजोबा, म्हणजे अमृताचे वडील, उमरावसिंग यांनी टिपलेले घरच्यांचे फोटो. विवान यांनी ते संगणकावर जोडले आणि वेगवेगळ्या काळातली माणसं एका चौकटीत आणली. ती शेजारी दिसतात, पण एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. इतका खरा एकटेपणा मला रस्त्यावर टिपलेल्या फोटोंतही क्वचितच दिसला आहे.

आणि मूळ फोटो तरी कुठे सहज टिपलेले होते? उमरावसिंग कित्येक दशकं स्वतःला कॅमेऱ्यापुढे उभं करत राहिले, कधी पुस्तकांत बुडालेले, कधी उघड्या अंगाने. मुलगी अमृता गेल्यानंतर १९४८ मध्ये त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. हे कळल्यावर त्या घरातले नटूनथटून काढलेले फोटो पूर्वीसारखे बघताच येत नाहीत.

घरच्या जुन्या अल्बमवर काही करू पाहणाऱ्यांनी आधी ही मालिका नीट बघावी, आणि आजोबांचे मूळ फोटो शेजारी ठेवून बघावी.