मदत हवी आहे: २८ मिमीचा खिशातला कॅमेरा वारीत नेऊ की भाच्याला परत देऊ?

मीटरपट्टी:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

भाच्याने मोठा कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना रिको जीआर ३ माझ्याकडे आला. "आत्या, तुझ्या पर्समध्ये मावेल" एवढं बोलून स्वारी पसार. मावतो खरा. बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅम, म्हणजे पाव किलो भेंडीइतका. मी शाळेत गणित शिकवते, फोटोग्राफीतलं ज्ञान मोबाइलपुरतं. गेले तीन महिने हा रोज जवळ बाळगतेय, पण त्याच्याशी धड जमतही नाही आणि धड तुटतही नाही.

आवडलं ते आधी सांगते. बटण दाबलं की लगेच तयार. मंडईत बाहेर काढला तरी कुणी सावरून बसत नाही. भाच्याचा मोठा कॅमेरा दिसला की भाजीवाल्या मावशी आधी पदर नीट करतात, याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. कोथिंबिरीच्या जुडीचा मॅक्रोत फोटो काढला, सहा-सात सेंटीमीटरवरून. घरी मोठा करून बघितला तर मुळांना चिकटलेल्या मातीचे कण मोजता येत होते. मोबाइलवर एवढं मोठं केलं की चित्राचं पिठलं होतं.

आता रडगाणं.

झूम नाही, एकच २८ मिमीची रुंद दृश्य टिपणारी लेन्स. हे माहीत होतं, पण चालवून घेणं जड जातंय. मंडईत मावशींचा फोटो काढला, घरी येऊन बघते तर मावशी सोडून सगळं आहे. वरचं छत, शेजारचा बटाट्यांचा ढीग, लोंबणारे दोन दिवे, एका गिऱ्हाइकाची अर्धी पाठ आणि मधोमध सुपारीएवढ्या मावशी.

दुसरं, चेहरे. सासूबाई खिडकीशी वाती वळत बसल्या होत्या, ऊन छान आलं होतं. अगदी जवळ जाऊन काढला. त्यांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "माझं नाक एवढं कधी होतं गं?" तेव्हापासून कॅमेरा दिसला की त्या आतल्या खोलीत. मुंजीतल्या ग्रुप फोटोत टोकाला उभे असलेले आमचे दीर आडवे सुटलेत. (ते थोडे आहेतच, पण एवढे नाहीत.)

तिसरं, बॅटरी. कंपनीच सुमारे दोनशे फोटो म्हणते. माझी दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकते. फ्लॅश तर नाहीच.

चौथी माझीच करणी. कॅमेरा कव्हराविना झोळीत टाकून हिंडले आणि त्याच झोळीत शेंगदाण्याची पुडी फुटली. आता आभाळ आलं की फोटोत उजवीकडे वर करडा ठिपका दिसतो. लेन्स पुसली, ठिपका जागचा हलत नाही.

मूळ प्रश्न: यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचं ठरवलंय. दिवे घाटातले ते फोटो आपण दरवर्षी बघतो ना, वळणं घेत चढणारी वारकऱ्यांची रांग, तसा एक तरी काढायची फार हौस आहे. हा नेऊ? भाचा म्हणतो, विकून टाक आणि याचाच भाऊ जीआर ३एक्स घे, ४० मिमीवाला. की सरळ मोबाइल बरा?

जुना रोल:

ताई, वाईट बातमी आधी. दिवे घाटातला तो फोटो यातून येणार नाही. तो लांब लेन्सचा, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सचा खेळ आहे, समोरच्या उंचावरून २०० मिमी किंवा त्याच्याही पुढची लेन्स लावून काढलेला. लांबून बघितल्यामुळे वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात आणि रांग घट्ट होते. २८ मिमीतून तोच घाट घेतलात तर भरपूर डोंगर, त्याहून भरपूर आभाळ आणि मध्ये एक पांढरा दोरा. ४० मिमीतही दोराच, थोडा जाड. तेव्हा निदान घाटासाठी तरी कॅमेरा बदलू नका. पुढे कधी रिंगणाला गेलात तर अश्वाचंही तेच.

पण तुम्ही समोरच्या टेकाडावर थोड्याच असणार? तुम्ही रांगेत असणार. तिथे लांब लेन्सवाल्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, आणि तुमच्या हातात नेमका तिथला कॅमेरा आहे.

गणिताच्या बाई आहात, तर हिशेबच मांडतो. २८ मिमीच्या आडव्या फ्रेममध्ये दोन मीटरवर सुमारे अडीच मीटर रुंद आणि एक मीटर सत्तर उंच एवढं मावतं. साडेपाच फुटी माणूस डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम बसला. एक मीटरवर हे सगळं निम्मं, म्हणजे माणूस कमरेपासून वर. पाच मीटरवरून काढलात तर फ्रेम जवळजवळ साडेसहा मीटर रुंद, आणि मंडईत मावशींच्या आजूबाजूला साडेसहा मीटरमध्ये काय काय असतं त्याची यादी तुम्हीच दिली आहे. बहुतेक लोक या कॅमेऱ्यावर रागावतात ते तीन-चार पावलं मागे उभे राहून.

आता सासूबाईंचं नाक. तुम्ही साधारण दीड फुटावर होतात असं धरतो, म्हणजे ४५ सेंमी. कान नाकाच्या टोकापासून दहा-बारा सेंमी मागे. ५७ भागिले ४५, म्हणजे कानाच्या मानाने नाक सव्वापट मोठं येणारच. दोन मीटरवरून हाच फरक सहा टक्के, कुणाच्या लक्षातही येत नाही. हा अंतराचा परिणाम आहे, लेन्सकडे बोट दाखवू नका. दोन मीटर मागे जा आणि कॅमेऱ्यातला ५० मिमीचा क्रॉप लावा, म्हणजे तो चित्राचा मधलाच भाग ठेवतो. २४ मेगापिक्सेलचे सात उरतील, पण भिंतीवर लावायच्या फोटोला सात पुरेत.

दिरांचं दुखणं वेगळं. सरळ रेषा सरळ ठेवायच्या म्हणून ही लेन्स कडेच्या वस्तू ताणते. आडव्या फ्रेमच्या अगदी टोकाला गोल चेंडू एक पंचमांशाने लांबट होतो. दिरांना मधे घ्या, टोकाला कुंडी ठेवा.

आणि चालत्या दिंडीत ऑटोफोकसच्या नादी लागू नका. मेनूत फुल प्रेस स्नॅप (आधीच ठरवलेल्या अंतरावर फोकस) सुरू करा, अंतर अडीच मीटर, ऍपर्चर (लेन्सचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं लहान) एफ/८. सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, बटण एका दमात खाली दाबलं की झालं, फोकससाठी थांबणं नाही. ढग दाटले तर एफ/५.६ आणि दोन मीटर, मग सव्वा ते सहा मीटरचा पट्टा मिळतो. शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. हातातली थरथर कॅमेरा सावरतो, पण चालत्या वारकऱ्याचा पाय त्याला थांबवता येत नाही.

फुलफ्रेमवाला:

मी असतो तर मोठा फुलफ्रेम कॅमेरा आणि ७०-२०० मिमीची झूम लेन्स घेतली असती. घाट आणि रिंगण दोन्हींची सोय.

जुना रोल:

आणि ती अडीच किलोची सोय सासवडपर्यंत गळ्यात कोण वाहणार? तुम्ही येताय का ताईंबरोबर?

टाचणी:

मी ठिपक्याबद्दल सांगते, कारण मी या वाटेने रडून आले आहे. (माझा कॅमेरा दुसरा होता, पण असाच आत-बाहेर होणाऱ्या लेन्सचा.) लेन्स पुढे सरकते तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर कापडाची लव, धूळ, तुमच्या बाबतीत शेंगदाण्याची फोलपटं. ठिपका सेन्सरवर, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर असणार, म्हणून पुसून जात नाही. लेन्स काढता येत नाही, तेव्हा घरी आत हात घालून पुसता येणार नाही.

आधी परीक्षा घ्या. एफ/१६ लावा, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. मग तोच एफ/२.८ ला. दुसऱ्यात ठिपका विरघळला तर सेन्सरवरची धूळच. मेनूत डस्ट रिमूव्हल आहे, ते दोन-चारदा चालवून बघा, सेन्सर थरथरवून सुटी धूळ झटकतं. चिकट कण त्याने हलत नाही. मग उघडून साफ करणाऱ्याकडेच जायचं, आणि आधी खर्च विचारायचा. मी विचारला नव्हता.

लेन्सच्या फटीत ब्लोअरने फुंकायचं मात्र टाळा. कडेवरची धूळही आत जाते. स्वानुभव.

आषाढपाऊस:

वारीत सहा वर्षं चालतोय, म्हणून दोन शब्द. हा कॅमेरा पाण्यापासून राखलेला नाही. पावसाचा थेंब लेन्सच्या नळीवर असताना बंद केलात तर तीच नळी ओली आत जाते. आधी टिपून घ्या, मग बंद करा. आत ठेवायला झिपची प्लॅस्टिक पिशवी, त्यात सुती रुमाल.

बॅटऱ्या तीन न्या. शिवाय हा सी टाइप केबलने पॉवर बँकेवर चार्ज होतो, विसाव्याला लावून ठेवायचा.

आणि दीड-दोन मीटरवर जायचं म्हणजे माणसाच्या अंगणात जाण्यासारखं आहे. आधी "माउली" म्हणा, नजरेला नजर द्या. कुणी हात आडवा केला तर कॅमेरा खाली. एरवी मागून झूम करणाऱ्यापेक्षा समोर येऊन काढणारा वारकऱ्यांना जास्त पटतो, असं मला दिसलंय. तुळस डोक्यावर घेतलेल्या आज्या तर वर विचारतात, बघू कसा आला.

मीटरपट्टी:

सगळ्यांचे आभार. प्रयोग करून आले, म्हणून उशीर.

शाळेतली लाकडी मीटरपट्टी घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर फ्रिजपासून दोनदा ठेवून खडूची खूण केली. ह्यांना फ्रिजला टेकून उभं केलं. दोन मीटरवर डोकं आणि चपला दोन्ही आत, वर बोटभर जागा. मग न मोजता दोन मीटर ओळखायचा सराव केला. पहिले पाच अंदाज साडेतीनच्या आसपास! मला जवळ वाटणारं अंतर मुळात जवळ नाहीच, हे ह्या वयात कळलं. आता खुणेची गरज लागत नाही. सात फुटी दार आडवं पडलंय असं मनात धरते.

शनिवारी मंडईत गेले. मावशींसमोर गिऱ्हाईक होते म्हणून बाजूने, एका मीटरवर पोचले. त्या तराजूत गवार टाकत होत्या. या वेळी फोटोत त्यांचे हात फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापून आहेत, नखांत हिरवा रंग, मागे छताच्या कैच्या दूर पळत गेलेल्या. तेच छत, जे आधी नकोसं झालं होतं. मावशी म्हणाल्या, "आता आलातच एवढ्या जवळ, तर अर्धा किलो घेऊन जा." घेतली.

सासूबाईंचाही काढला, मागे सरकून, क्रॉप लावून. त्यांनी बराच वेळ बघितला आणि नाकाबद्दल काही बोलल्या नाहीत. "साडी दुसरी नेसले असते" एवढंच.

ठिपका एफ/१६ ला दिसतो, एफ/२.८ ला जातो, म्हणजे टाचणी म्हणतात तेच. डस्ट रिमूव्हल दहा वेळा चालवलं, ढिम्म. भिंतीच्या फोटोत आणखी दोन बारीक ठिपके सापडले, ते आधी ठाऊक नव्हते तेच बरं होतं. वारी होईपर्यंत उघडायला देत नाही, आभाळ कमी घेईन.

भाच्याला कळवलंय की कॅमेरा परत मिळणार नाही. घाटाचा फोटो मी दरवर्षीसारखा वर्तमानपत्रातच बघेन.

एकच शंका राहिली. पाऊस लागला तर छत्री कुठल्या हातात?

आषाढपाऊस:

डाव्या. या कॅमेऱ्याची सगळी बटणं उजव्या हाताच्या अंगठ्याखाली आणि तर्जनीखाली आहेत, घरी छत्री उघडून एकदा करून बघा. मनगटाचा दोरा मात्र घट्ट बांधा, घाटात धक्का लागतोच.

मीटरपट्टी:

केलं. सासूबाई विचारतायत, घरात छत्री उघडून ही काय बघतेय.